शेजारी बसणारा माणूस

ब्रिन लायसनच्या पहिल्या परीक्षेत नापास झाली ती रस्त्याच्या मधोमध गाडी चालवली म्हणून. निदान तिच्या बापाने, लायल व्होपाटने, सगळ्यांना तसंच सांगितलं, आणि ज्याने ऐकलं तो पोट धरून हसला. त्या भागात वाढलेल्या कुणाचंही तेच झालं असतं.

लायलच्या घरापासून हमरस्त्यापर्यंत अठरा मैल डांबराची एकच पट्टी जाते, एका गाडीपुरती. दोन्ही अंगांना वाळू, आणि वाळूवर गवताच्या टेकड्या. माणूस आपला मधून चालवतो. समोरून कुणी आलंच तर दोघंही उजवीकडची चाकं वाळूत उतरवतात, स्टिअरिंगवरून एक बोट उचलतात आणि पुन्हा डांबरावर येतात. दिवसात तीन गाड्या भेटल्या तर गावात कुणी गेलं की काय, अशी शंका येते. ब्रिन दहाव्या वर्षापासून याच वाटेवर पिकअप चालवत होती, बापाच्या मांडीवरून आधी, मग गादीखाली खताची पिशवी घालून. काउंटीच्या मुख्य गावातला रुंद रस्ता पाहून ती मधूनच गेली, त्यात त्या पोरीचं काय चुकलं?

पण परीक्षेच्या कागदावर खुणा दोन होत्या. दुसरीबद्दल लायल कुणाजवळ बोलला नाही.

परीक्षा घेणारी बाई बाहेरगावची होती. दर बुधवारी यायची, कोर्टाच्या तळमजल्यावर टेबल मांडायची, चार वाजता सगळं गुंडाळून जायची. तिने लायलला बाजूला घेतलं. पोरगी हुशार आहे म्हणाली. गाडी मागे घेणं, लावणं, थांबणं, सगळं चोख. "पण दर पाच-दहा सेकंदांनी ती माझ्याकडे बघते हो. रस्ता सोडून. मी काय लिहितेय ते बघत असेल असं आधी वाटलं. कागद खाली ठेवला तरी बघतच होती. ही सवय कुठून लागली हिला?"

"घाबरली असेल," लायल म्हणाला, आणि टोपी डोक्यावर चढवून बाहेर आला. सवय कुठून लागली ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

मार्चमध्ये गुरांना गवत टाकताना तो चालत्या ट्रॅक्टरवरून खाली पडला. गळ्याखालचं हासळीचं हाड मोडलं, आणि आसपासच्या लोकांना तेवढंच कळलं. तो का पडला, ते ब्रिनला आणि गावात राहणाऱ्या त्याच्या बहिणीला, कोरीनला, माहीत होतं. त्याला झटका आला होता. डोळे वर, हातपाय ताठ, तोंडाला फेस. डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि समोर बसवून फॉर्म भरून घेतला. लायलचं लायसन राज्याकडे परत गेलं. सहा महिने एकही झटका आला नाही, तर मिळणार होतं. तोवर गाडी नाही, आणि रात्री घरात एकट्याने झोपायचं नाही.

एक्कावन्न वर्षांचा बाप्या. एकशे ऐंशी गाई, दोन कुरणं, चार पवनचक्क्या एकट्याने सांभाळणारा. सहा वर्षांपूर्वी बायको कॅन्सरने गेली तेव्हाही त्याने कुणाची मदत मागितली नव्हती. तो आता आपल्याच पिकअपमध्ये उजव्या बाजूने चढायला लागला. पहिल्या दिवशी तर सवयीने डाव्या, स्टिअरिंगच्या बाजूच्या दाराशी गेला आणि तिथे पोर आधीच बसलेली पाहून पुन्हा बोनेटला वळसा घालून आला. ब्रिनने न पाहिल्यासारखं केलं.

तिच्याकडे पंधराव्या वर्षी लेखी परीक्षा आणि डोळ्यांची तपासणी देऊन मिळवलेलं लर्निंग होतं. त्यावर चालवायचं तर शेजारी एकवीस वर्षांवरचा, लायसनवाला माणूस हवा. सोळा पूर्ण झाली की पन्नास तासांचा कागद द्यायचा. कुठल्या दिवशी किती चालवलं, त्यातलं अंधारात किती, आणि खाली शेजारी बसणाऱ्याची सही. मग परीक्षा, मग प्रोव्हिजनल. प्रोव्हिजनल मिळालं की पोरगी एकटी चालवू शकते, मध्यरात्र ते पहाट सोडून. पन्नासातले एकोणीस तास लायल लायसन असताना बसला होता. एकतीस तास नसताना. त्याने पन्नासांखाली सही ठोकली होती. बसलो तर होतो ना शेजारी, असं त्याचं मन म्हणत होतं.

शाळा सतरा ऑगस्टला सुरू होणार होती, चव्वेचाळीस मैलांवर. बस त्यांच्या बाजूला येत नाही. लायसन मिळालं तर ब्रिन सकाळी जाणार, संध्याकाळी घरी. नाही मिळालं तर कोरीनने मागची खोली रिकामी करून ठेवलीच होती. पोरगी आत्याकडे, मग लायलजवळ कोण? कोरीनचा नवरा याबाबत सरळ बोलायचा. कुरणं भाड्याने द्यावीत, गुरं बाजारात न्यावीत, लायलने गावात यावं, हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्याशी माणूस पाहिजेच आहे. लायल ऐकून घ्यायचा आणि खिडकीबाहेर बघायचा. कोरीनच्या घराच्या त्या खिडकीतून शेजारच्या घराची भिंत दिसायची.

नापास झाल्यावर पुढचा बुधवार गाठायचा होता, आणि मध्ये गवत उभं होतं. ओल्या कुरणातलं गवत कुणासाठी थांबत नाही. गुरुवारी उजाडल्यापासून ब्रिन कापणीच्या ट्रॅक्टरवर बसली. लायलला डॉक्टरने ट्रॅक्टरही मना केला होता. तो पायी. कापणीच्या पट्टीची बोथट पाती काढायची, नवी ठोकायची, ग्रीस भरायचं, पाणी आणून द्यायचं. गवताच्या दिवसांत हाताखाली येणाऱ्या पोराला सांगायची कामं ती. दुपारी पारा फॅरनहाइटच्या शंभरीवर गेला. घामाने त्याच्या टोपीच्या कडेला मिठाची रेघ उठली. ट्रॅक्टर वळणावर आला की ब्रिनची मान त्याच्याकडे वळायची. तो उभा आहे ना. तो उभा असला की ती पुढे बघायची. हे त्याला आधी कधी दिसलंच नव्हतं. आता दिसायला लागलं आणि सोसवेना.

रोज जेवणानंतर तासभर सराव. अंगणापुढच्या मोकळ्या जागेत लायलने गठ्ठे बांधायची सुतळी ताणून दोन रस्ते आखले, मध्ये रेघ. उजवीकडे राहायचं ते ब्रिन दोन दिवसांत शिकली. दुसरं जमेना.

"पुढे बघ," तो म्हणायचा.

"बघतेय."

"आत्ता बघितलंस माझ्याकडे."

"आरसा बघितला."

"आरसा माझ्या नाकावर आहे का?"

ती हसायची आणि पुढच्या वळणावर परत बघायची.

शनिवारी दुपारी गठ्ठे बांधायच्या मशीनचा पट्टा तुटला. कापलेलं गवत जमिनीवर पडलेलं, पश्चिमेला ढग. दोघं तसेच गावात गेले, पट्टा घेतला, परत निघाले. हमरस्ता सोडून एकेरी डांबरावर आल्यावर लायल जरा कडक आवाजात म्हणाला की आता घर येईपर्यंत माझ्याकडे बघायचं नाही, एकदाही नाही. ब्रिनने मान ताठ केली. एक मैल गेला, दोन गेले, चार गेले. बघितलं नाही. लायलला बरं वाटलं. शाब्बास म्हणावं असं त्याच्या मनात आलं, आणि तेवढ्यात त्याला लोकर जळाल्याचा वास आला, मार्चमध्ये ट्रॅक्टरवर आला होता तसाच.

शुद्धीवर आला तेव्हा तोंडात रक्ताची चव होती. जीभ चावली गेली होती. मांड्या गार लागल्या, मग कळलं की पँट भिजलीय. पिकअप उजव्या कडेला नीट उभी होती, चारही दिवे लुकलुकत होते. ब्रिन त्याच्या सीटवर गुडघा टेकून होती आणि तिने त्याचा शर्ट छातीशी मुठीत धरला होता, इतका घट्ट की दोन बटणं तुटली होती.

"तीन मिनिटं दहा सेकंद," ती म्हणाली. मग तिला रडू फुटलं. "तुम्हीच म्हणालात बघू नकोस. चार मैल नाही बघितलं. दारावर बूट आपटले तेव्हा कळलं मला."

त्याने तिच्या पाठीवर हात ठेवायचा प्रयत्न केला, हात धड उचलेना. गवतात कुठेतरी माळटिटवी ओरडत होती. जीभ वळायला लागली तसं त्याने विचारलं, सेकंद मोजायचं तुला कुणी शिकवलं?

"डॉक्टरांनी. पाच मिनिटांवर गेलं तर फोन करायचा म्हणाले."

"हे दुसऱ्यांदा, नाही का?"

ब्रिनने नाक पुसलं, डॅशबोर्डच्या कप्प्यातून जुना टॉवेल काढून त्याच्या मांडीवर टाकला आणि ती जागेवर जाऊन बसली.

"कितवा, ब्रिन?"

"पाचवा. बाकीचे लहान होते. तुम्हाला वाटलं डुलकी लागली."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर सहा महिने परत पहिल्यापासून. तुम्ही कॅलेंडरवर रोज फुली मारता, बाबा. मी काय सांगू?"

लायलला स्वतःची अशी लाज वाटली, की भिजल्या पँटची त्यापुढे काहीच नव्हती. पोरीला शिकवतोय, असं तो समजत होता. पन्नास तास तिच्या शेजारी बसून तिला सांभाळलं, असं कागदावर लिहून दिलं होतं. आणि मार्चपासून पोरगी एका हाताने गाडी सांभाळत होती, एका डोळ्याने बापाला. घरी गेल्यावर त्याने पँट स्वतः धुतली आणि पट्टा बसवायला गेला. काळोख पडेपर्यंत गठ्ठे बांधून झाले.

बुधवारी ब्रिन पांढरा शर्ट घालून, केस बांधून तयार होती. डांबराच्या एकेरी पट्टीवरही ती उजवीकडे राहायला लागली, तेव्हा दोन चाकं वाळूत खडखडत चालली. लायल म्हणाला, इथे मधूनच चालव, नाहीतर गावात पोचेपर्यंत टायर राहायचे नाहीत. ती हसली. तिचं सगळं चोख होतं. फक्त मधूनमधून मान उजवीकडे जायची, पूर्वीपेक्षा जास्तच. शनिवारनंतर तो तिला बघू नकोस म्हणाला नव्हता.

तळमजल्यावर त्यांच्या आधी एकच पोरगा होता. तो पास होऊन बाहेर पडला, आईला मिठी मारून. परीक्षेच्या बाईने लायलला ओळखलं, हसली, हात पुढे केला. ब्रिनने लर्निंग दिलं, गाडीचे कागद दिले. पन्नास तासांचा कागद लायलच्या हातात होता. तो त्याने टेबलावर ठेवला, पण बोटं उचलली नाहीत. बाईने ओढला, तरी तो तिथेच.

"मॅडम, यातले एकतीस तास धरू नका," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मार्चपासून माझ्याकडे लायसन नाही. मला झटके येतात. ही माझ्याकडे बघते ते त्याच्यामुळे. तुम्ही मागच्या खेपेला विचारलं होतं."

ब्रिनचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढराफटक. तिने टेबलावरची किल्ली उचलली आणि दार ढकलून बाहेर निघून गेली. परीक्षेच्या बाईने कागद दोनदा वाचला. त्याच्या सहीवर पट्टी धरून सरळ रेघ मारली आणि कागद परत दिला. आधीचे एकोणीस तास चालतील म्हणाली. उरलेले कुणा लायसनवाल्याबरोबर पुरे करा, त्याची सही आणा, पुढच्या बुधवारी मी आहेच.

तो वळला तशी ती मागून म्हणाली, "आज इथवर गाडी कुणी आणली ते मी विचारत नाही. पण परत कोण नेतंय ते मी या खिडकीतून बघणार आहे."

बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. ब्रिन पिकअपच्या मागच्या फळीवर बसली होती, पाय लोंबकळत. लायल जवळ गेला तरी तिने वर बघितलं नाही.

"एक सही होती, बाबा. केलेली सही होती. मी आज पास झाले असते."

"झाली असतीस."

"मग? आता आठ दिवसांनी शाळा. मी आत्याकडे जाणार, आणि तुम्ही घरात एकटे तोंडातलं रक्त गिळत पडणार. हेच पाहिजे होतं तुम्हाला?"

लायल फळीला टेकून उभा राहिला. त्याला बोलायची सवय नव्हती. शब्द एकेक करून काढावे लागले. "तू रस्ता बघत नाहीस, पोरी. माझ्याकडे बघतेस. मी शेजारी नसलो तरी बघशील. रिकाम्या सीटकडे बघशील, बाबा घरी कसे असतील म्हणून. आणि समोरून गुरांचा ट्रक येईल. मी सही केली ती, याला मी साक्षीदार आहे म्हणून. कशाला साक्षीदार? मला तर शुद्धच नव्हती."

ती रडत होती, पण आवाज नव्हता. बाहीने डोळे पुसून तिने विचारलं, मग आता घरी कसं जायचं? याचा विचार लायलने केलाच नव्हता. गाडी होती, किल्ली होती, चालवणारी होती, आणि दोघांनाही गाडी जागची हलवता येत नव्हती. तळमजल्याच्या खिडकीत परीक्षेची बाई मान खाली घालून लिहीत बसली होती.

कोरीनला फोन केला असता तर ती पाच मिनिटांत आली असती, आणि आणखी पाच मिनिटांत सगळं ठरूनही गेलं असतं. खोली, गुरं, दुकानातला गल्ला. लायलने फोन काढला, कोरीनच्या नावावर अंगठा ठेवला आणि काढला. मग त्याने आल्माबाईंना लावला. बाईंचं कुरण त्याच्या कुरणाला लागून. त्या आता शहात्तर वर्षांच्या. तिथल्या एकखोली शाळेत त्यांनी लायलला आठ वर्षं शिकवलं होतं, आणि त्यांच्यापासून त्याने पाच महिने सगळं लपवलं होतं. समोर आल्या की हाड बरं आहे म्हणायचा.

"बाई, मी लायल. मला मदत पाहिजे," तो म्हणाला. मग कोर्टाच्या आवारात उभ्या उभ्या त्याने सगळं सांगितलं. मार्च, लायसन, पाच झटके, एकतीस तास. लोक जात-येत होते. आवाज खाली करावा असं त्याला वाटलं, पण बाईंना कमी ऐकू यायचं, त्यामुळे सगळं मोठ्यानेच सांगावं लागलं.

बाई सव्वा तासाने आल्या. रस्त्याच्या मधोमध. मागे दोन गाड्या तुंबल्या होत्या. दोन गाड्यांच्या जागेत त्यांनी आपली एक आडवी लावली आणि काठी टेकत उतरल्या. लायलला वाटलं, आता ऐकवतील. त्यांनी आधी ब्रिनची हनुवटी धरून चेहरा बघितला, मग त्याचा.

"हाडाचं म्हणून मला मूर्ख बनवत होतास. एप्रिलपासून उजव्या दाराने उतरतोयस, मला दिसत नाही का? विचारलं नाही, कारण तू सांगशील म्हणून थांबले. चार महिने थांबले, लायल. शाळेतही उत्तर येत असून गप्प बसायचास." मग त्या बोटांवर मोजायला लागल्या. "आज बुधवार. पुढच्या बुधवारपर्यंत सात दिवस, रोज साडेचार तास. माझी गाडी इथेच राहू दे. उद्या पुतण्याला बरोबर घेऊन ती न्यायला यावं लागेल, तेवढेच दोन तास. परवा तुझा डॉक्टर. नव्वद मैल. जाऊन-येऊन तीन तास तरी होतात."

"बाई, दुसरं कुरण कापायचंय अजून."

"माझा पुतण्या कापेल. आणि डॉक्टरला पाचही सांगायचे. एक नाही, पाच."

"म्हणजे माझं लायसन या वर्षी येत नाही."

"नाही येणार," बाई म्हणाल्या.

लायलने मान हलवली. बाई पुढे चढल्या, उजव्या बाजूला. तो मागे, दोरखंड, लसींचा डबा आणि गुरांनी चाटायच्या मिठाची एक वडी यांच्यामध्ये. या पिकअपच्या मागच्या सीटवर तो आयुष्यात बसला नव्हता. गुडघे छातीला लागत होते. ब्रिनने सीट पुढे घेतली, पट्टा लावला. मग हात वर करून मधला आरसा खाली वाकवला. लायलला आरशात तिचे लाल डोळे दिसले, म्हणजे तिला तो दिसत होता.

"आरसा सरळ कर," तो म्हणाला.

तिने हात लावला नाही.

"ब्रिन. झटका येतोय असं वाटायला लागलं, की मी बाईंना सांगेन. वेळ मोजायची तर त्या मोजतील. मला काही झालं तर ते त्या बघतील. तू रस्ता बघ."

आल्माबाईंनी पर्समधून पेन काढलं, कागदाच्या नव्या ओळीवर तारीख घातली आणि मनगटातलं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. ब्रिनने आरसा धरला. बराच वेळ धरून बसली. मग हळूहळू वर नेला, आणि लायलला त्यात तिचे डोळे दिसेनासे झाले.

पिकअप मागे आली, वळली, रस्त्याच्या उजव्या बाजूला लागली. गावाबाहेर पडेपर्यंत लायल तिच्या मानेकडे बघत होता. मान एकदाच उजवीकडे वळली, ती चौकात, तिकडून गाडी येतेय का ते बघायला.